सुरत पायी बघायची सकाळ: ६०० रुपये, साडेतीन तास आणि आमचे आबा

आधीच सांगून टाकतो, फेरी काढणाऱ्या ताईंचं नाव देणार नाही. त्या एकट्याच आहेत, नोकरी सांभाळून रविवारी हे करतात, आणि खाली माझ्या दोन-चार तक्रारीही आहेत. सुरतेत जुन्या शहराच्या अशा फेऱ्या बरेच जण काढतात. मी ज्या फेरीला गेलो तिच्याबद्दल लिहितो, त्यावरून तुम्ही तुमचा अंदाज बांधा.

मी मूळचा खान्देशी. २००५ पासून रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये साड्यांची दलाली करतो. इतक्या वर्षांत सुरतेत मी काय पाहिलं? मार्केट, ट्रान्सपोर्टचं गोडाऊन, उधना स्टेशन आणि डुमसचा दरिया. पाहुणे आले की डुमसला नेऊन टमाट्याची भजी खाऊ घालायची, झालं. यंदा दिवाळीनंतर सासरे आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. धरणगावचे, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, ‘जावईबापू, महाराजांनी लुटली ती सुरत कुठली? हीच का?’ हीच, म्हटलं. ‘मग दाखवा.’ आता मी काय दाखवणार? मोबाईलवर शोधलं, ही फेरी सापडली, माणशी ६०० रुपये. दोघांचे १२०० भरले. बायको म्हणाली, आपलंच गाव बघायला पैसे?

सकाळी ७ वाजता चौकात किल्ल्यासमोर जमायचं होतं. आम्ही पावणेसातला हजर, ताई सव्वासातला. त्या येईपर्यंत बाराजणांची आपसात ओळखपाळख झाली आणि दोन वेळा चहाही झाला. त्या आल्या, माफी मागितली, आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की बाईंना बोलायचं अंग आहे. गुजराती-हिंदी मिसळून बोलतात, कागद हातात नाही.

किल्ला तापीच्या अगदी काठावर. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात सुरत वारंवार जाळली, लुटली. १५१२, मग १५३०, लगेच १५३१. म्हणून गुजरातच्या सुलतानाने खुदावंदखानाकडून १५४० नंतर हा किल्ला बांधून घेतला. १५७३ मध्ये तो अकबराकडे गेला, १७५९ मध्ये इंग्रजांकडे. महापालिकेने आता तो नीट दुरुस्त करून आत संग्रहालय केलंय, पण ते सकाळी उघडं नसतं, त्यामुळे फेरीत किल्ला फक्त बाहेरून. हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी वेगळं तिकीट काढून आत गेलो. पैसे वसूल, जरूर बघा.

किल्ल्यासमोर गंमत झाली. ताईंनी विचारलं, महाराष्ट्राचे कोण कोण? आम्ही दोघांनी हात वर केले. त्यानंतर १६६४ चा विषय आला तशी त्यांची जीभ अडखळायला लागली. ‘छत्रपती शिवाजी महाराज इथे आले... म्हणजे त्यांनी सुरतेला भेट दिली... मुघलांच्या विरोधात एक आर्थिक कारवाई...’ आबा गप्प बसणारे नाहीत. तिकीट विचारायच्या आवाजात म्हणाले, ‘बेन, लुटा तो लुटा बोलो ना. हम चौथी में वोही पढे हैं.’ सगळे हसले, ताईही हसल्या, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते खरंच ऐकण्यासारखं होतं.

जानेवारी १६६४. शहराला धड तट नव्हता, मातीची भिंत तेवढी. सुभेदार इनायतखान पहिल्याच दिवशी किल्ल्यात जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. शहर वाऱ्यावर. किल्ल्यावरून तोफा डागल्या त्या मराठ्यांपेक्षा सुरतेच्याच घरांवर जास्त पडल्या. मग त्याने बोलणीच्या बहाण्याने एक माणूस पाठवला, त्याने महाराजांवर खंजीर काढला, तिथेच मारला गेला. चार-पाच दिवस शहर धुऊन निघालं. इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी बंदुका लावून राखल्या. इंग्रजांचा प्रमुख होता जॉर्ज ऑक्झेंडन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. ताई सांगता सांगता एका ठिकाणी चुकल्या. महाराजांनी किल्ला घेतला असं काहीतरी म्हणाल्या. किल्ला घेतला नव्हता, आणि घ्यायला ते आलेही नव्हते. आबांनी तेही तिथल्या तिथे दुरुस्त केलं. माझी मान खाली, पण ताईंनी वहीत टिपून घेतलं. हे मला आवडलं.

तिथून चालत मुगलीसरा. सुरत महापालिकेचं मुख्य कार्यालय ज्या इमारतीत आहे ती शाहजहानच्या काळातली, १६४४ ची सराई. हजला जाणारे यात्रेकरू इथे उतरायचे. सगळ्या हिंदुस्थानातून लोक इथे यायचे, जहाजाची वाट बघायचे, म्हणून सुरतेला मक्केचं दार म्हणायचे. मी इथे दुकानाच्या कागदपत्रांसाठी निदान दहा वेळा आलो असेन. दरवेळी नजर टोकनच्या आकड्यावर, वर कमान आहे हे त्या दिवशी कळलं. आबा म्हणाले, ‘तेव्हाही लोक इथे वाट बघतच बसायचे म्हणजे.’

मुल्ला चकल्याच्या बाजूला इंग्रजांची वखार होती. आता तिथे घरं, स्कूटर, वाळत घातलेले कपडे. ताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वीस मिनिटं बोलल्या, आणि माझ्या मते फेरीतली सगळ्यात चांगली वीस मिनिटं तीच. बघायला काहीच नाही, तरी कोणाचा पाय हलला नाही.

त्यांनी सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. १६०८ मध्ये हॉकिन्स जहाज घेऊन आला. मोठी जहाजं सुरतेपर्यंत येऊ शकत नव्हती, ती सुवाळीच्या किनाऱ्याशी थांबायची आणि माल होड्यांतून, बैलगाड्यांतून शहरात यायचा. १६१२ मध्ये सुवाळीसमोर इंग्रजांनी पोर्तुगीजांना पाणी पाजलं, १६१३ मध्ये जहांगीरची परवानगी मिळाली आणि वखार सुरू झाली. इथवर पुस्तकात असतं तसंच. पण त्यानंतर त्या म्हणाल्या की इंग्रज इथे आले ते गिऱ्हाईक म्हणून, आणि तेही उधारीवरचं गिऱ्हाईक. आमचे कान लगेच टवकारले.

वीरजी व्होरा नावाचा जैन सावकार. मिरी, पोवळं असला माल तो एकदम सगळाच उचलून धरायचा, मग त्याच्या भावाने घ्या नाहीतर परत जा. इंग्रजांचे पैसे विलायतेहून वेळेवर यायचे नाहीत, तेव्हा ते याच्याच दारात. १६३६ मध्ये कंपनीने त्याच्याकडून २ लाख रुपये उचलले. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याकडूनच पैसे घ्यायचे, आणि वर व्याज! आमच्या मार्केटमध्ये अशा पार्टीला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच वीरजी व्होराची पेढी १६६४ मध्ये महाराजांनी रिकामी केली. तरी माणूस संपला नाही, नंतरही धंद्यात होता.

आणि दलाल! इंग्रजांना ना भाषा येत होती ना मालाची पारख, त्यामुळे सगळा व्यवहार दलालाच्या हातात. भीमजी पारेख हा कंपनीचा दलाल. ताईंनी त्याची एक गोष्ट सांगितली. १६६९ मध्ये काझीने सक्तीची धर्मांतरं सुरू केली, हिंदूंना छळलं, तेव्हा याच्या पुढाकाराने सुरतेचे ८ हजार वाणी बायकामुलं मागे ठेवून भरूचला निघून गेले. शहराचा व्यवहार ठप्प, टांकसाळ बंद, जकातीचं नाकं ओस. डिसेंबरात बादशहाकडून खात्री मिळाली तेव्हा परतले. मला २०१७ आठवलं. जीएसटीच्या वेळी आमची मार्केटं जुलैमध्ये दोन-अडीच आठवडे बंद होती, शटरवर काळे झेंडे, आणि मी रोज सकाळी सवयीने जाऊन बंद दुकानासमोर उभा राहायचो. हरताळ हे सुरतेला नवं नाही म्हणजे. बारा जणांत मार्केटचे आम्ही तिघे होतो, तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

माझं म्हणणं एवढंच की ताईंनी हा भाग वाढवावा आणि थडग्यांचा कमी करावा. माणसं दगड बघायला येतात हे खरं, पण सुरतेची गोष्ट दगडांत कमी आणि खतावणीत जास्त आहे.

मग रिक्षा. रिक्षाचे पैसे ६०० मध्ये नाहीत हे रिक्षात बसल्यावर कळलं. माणशी ४० गेले. पैशापेक्षा असं सांगितलेलं आवडत नाही. बुऱ्हाणपुरी भागळला उतरलो. भागळ म्हणजे वेस. गर्दीचा रस्ता, दुकानं उघडत होती, वेस कुठेच नाही. इथून बुऱ्हाणपूरचा रस्ता निघायचा, म्हणजे तापीच्या काठाकाठाने खान्देशातून. दोन्ही बाजूंनी कापड, नीळ, बैलांचे तांडे. महाराजांचा १६६४ चा तळ याच वेशीबाहेर एका बागेत होता.

इथे आबांचा दिवस उजाडला. ‘धरणगावचं नाव घ्या ना बेन,’ म्हणाले. ताईंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी त्या गावचा जावई. आबांनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगितलं की इंग्रज कापड घ्यायला सुरतेत बसून राहत नव्हते, त्यांनी धरणगावातही वखार घातली होती, आणि १६७५ मध्ये मराठ्यांनी तीही लुटली. ‘सुरत तर सुरत, आमचं गावही सोडलं नाही,’ हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की लुटणारेही आपले आणि लुटले गेलेलेही आपले. मागून एक टेम्पोवाला हॉर्न देत होता. आबांनी त्याला कंडक्टरसारखा हात दाखवून थांबवलं.

हे ऐकताना मला आमचीच गाडी दिसत होती. सुरत-भुसावळ पॅसेंजर, बारडोली, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव. मी याच वाटेने आलो, माझ्या आधी लिंबायत-उधन्यातले हजारो खान्देशी याच वाटेने आले, लूमवर कामाला लागले. तांड्यांच्या जागी रेल्वे आली एवढंच. माल तेव्हाही कापडच होता.

ताईंनी आणखी एक डोळे उघडणारी गोष्ट सांगितली. १६६४ नंतर औरंगजेबाने पक्का तट बांधायला लावला, पुढे अठराव्या शतकात बाहेरून दुसरा तट झाला. आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो ते सहारा दरवाजा, उधना दरवाजा, दिल्ली गेट, मजुरा गेट ही या बाहेरच्या तटाच्या दरवाजांची नावं. मी वीस वर्षं ‘उधना दरवाजा’ म्हणतोय आणि कधी विचार केला नाही की दरवाजा आहे कुठे. आबांनी लगेच हिशेब मांडला की मग १६६४ मध्ये तुमचं मार्केट गावाबाहेर, म्हणजे तळ तुमच्या दुकानावरच पडलेला असणार. ताई म्हणाल्या, तसं नेमकं सांगता येणार नाही. आबांनी ते ऐकलं नाही. घरी आणि आता धरणगावातही ‘जावयाच्या दुकानाच्या जागी महाराजांचा तळ होता’ हेच चालू आहे.

कतारगामची कबरस्तानं. फेरीचा बोलबाला यांच्याचसाठी आहे, फोटो सगळे इथलेच टाकलेले असतात. पण पोचलो तर फाटकाला कुलूप. ताईंनी कोणाला आधी कळवलं नव्हतं. फोनाफोनी झाली, २५ मिनिटं उन्हात उभे. पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. एका काकूंना चक्कर आल्यासारखं झालं, समोरच्या पानटपरीवाल्याने स्टूल दिलं. जो माणूस पैसे घेऊन लोकांना फिरवतो त्याने चावीची सोय आदल्या दिवशी करायची असते. एक तारा इथे कापला.

कुलूप उघडलं आणि आत गेलो तेव्हा मात्र सगळे गप्प. इंग्रजांच्या आवारात ऑक्झेंडन भावांची कबर आहे. क्रिस्टोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये. हाच तो वखार राखणारा जॉर्ज. दोन मजली, घुमटाची, सुमारे ४० फूट उंच. लांबून कोणी सांगितलं की एखाद्या नवाबाचा मकबरा आहे तर विश्वास बसावा. ताईंनी जिना दाखवला, वर चढू दिलं नाही, बरोबर केलं. आत गारवा होता. चुन्याच्या भिंतीवर हात ठेवला तर तळहाताला पांढरी भुकटी लागली. कोपऱ्यात पारव्यांची पिसं.

डचांचं कबरस्तान वेगळं, जवळच, आर्मेनियनांचंही तिथेच. डचांचा तोरा असा की इंग्रजांपेक्षा मोठी कबर बांधायची. वान रीड नावाचा त्यांचा बडा अधिकारी १६९१ मध्ये मुंबईजवळ समुद्रात जहाजावर वारला आणि इथे पुरला. अष्टकोनी, दोन मजली, भोवती खांबांच्या रांगा. हा माणूस आधी मलबारात होता, तिथल्या वनस्पतींवर त्याने बारा खंडांचा ग्रंथ काढला, सातशेवर झाडं त्यात चित्रांसकट आहेत. ती माहिती पुरवणाऱ्यांत तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचं नागरी अक्षरांतलं प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. थडगी पाहून मला काही वाटलं नाही, या तीन वैद्यांचं ऐकून वाटलं.

खरं सांगू? मला ही थडगी म्हणजे मार्केटमधल्या काही दुकानांसारखी वाटली. आत माल उधारीचा आणि बाहेर दहा लाखांचं फर्निचर. पार्टीला वाटलं पाहिजे की शेठ मोठा आहे. विलायतेतल्या मालकांना हिशेब कळवताना काटकसर, आणि इथे मेल्यावर घुमट.

शेवट नानपुऱ्यात, मक्काई पुलाजवळ. हजची माणसं इथून होड्यांत बसायची. ताईंनी औरंगजेबाच्या गंज-ए-सवाई जहाजाची गोष्ट सांगितली. १६९५ मध्ये मक्केहून परत येताना इंग्रज चाच्यांनी ते लुटलं, आणि सुरतेतल्या इंग्रजांना त्यांच्याच वखारीत बेड्या घालून कोंडलं गेलं. एकाने केलं, भरलं दुसऱ्यांनी. तोवर कंपनीने आपलं मुख्य ठाणं १६८७ मध्ये मुंबईला हलवलं होतं. सुरतेचं बंदर गाळाने भरत गेलं, १८३७ मध्ये मोठी आग आणि त्याच वर्षी पूर, किती तरी व्यापारी घराणी मुंबईला गेली. पुराचं मला सांगायला नको. २००६ च्या ऑगस्टमध्ये आमच्या बेसमेंटमधले साडेचारशे ताके तापीने भिजवले, आठ दिवस वास गेला नव्हता. ताईंनी हे सगळं पाच मिनिटांत उरकलं, कारण सगळ्यांना भूक लागली होती.

‘अल्पोपाहार समाविष्ट’ असं लिहिलं होतं. मिळाला एक खारी आणि अर्धा कप चहा. आम्ही स्वखर्चाने जवळच्या दोटीवाला बेकरीत गेलो. डचांच्या बेकरीपासून चालत आलेलं हे पारशी घराणं, १८६१ पासून आहे. नानखटाई घ्या, बटर घ्या, आणि सकाळी गेलात तर गरम मिळेल. आबांनी दोन डबे धरणगावसाठी बांधून घेतले आणि पावती मागितली. जन्मभराची सवय.

लहान मुलांना नेऊ नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. पाणी जास्त घ्या. रिक्षाचे सुटे ठेवा. किल्ल्याचं संग्रहालय दुसऱ्या दिवशी वेगळं करा. ताईंचं बोलणं पाचपैकी पाच, सोय पाचपैकी अडीच. एक मागणीही आहे. १९०७ ची काँग्रेस सुरतेत, तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये भरली होती. फ्रेंचांच्या वखारीची ती बाग. टिळक व्यासपीठावर उभे, खुर्च्या उडाल्या आणि एक दख्खनी जोडा फेरोजशहा मेहतांपर्यंत पोचला. तो भाग फेरीत अजिबात नव्हता. मराठी माणसाने जोडा जिथे फेकला ती जागा बघायला मी आणखी २०० रुपये देईन.

गेल्या महिन्यात मार्केटमधला एक दोस्त त्याच फेरीला जाऊन आला. चावी आता आधी मागवून ठेवतात म्हणाला. आणि बुऱ्हाणपुरी भागळला ताई म्हणे धरणगावच्या वखारीचं सांगतात, फक्त नाव ‘धरणगाम’ असं घेतात. आबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, नंबर द्या त्यांचा.